लागली म्हणणारं माणूस

कोल्हापुरात शिवाजी पेठेत गौसभाई जमादार माहीत नाही म्हणणारा माणूस भेटला, तर तो पावणा समजून त्याला आधी चहा पाजावा. गौसभाईच्या गॅसबत्त्यांशिवाय पेठेतली वरात उंबऱ्याबाहेर पडत नसे. घराच्या तुळईला बत्त्या ओळीनं टांगलेल्या असायच्या आणि खाली गौसभाई मांडी घालून काचा पुसत बसलेला. नाव गॅसबत्ती, पण आत गॅस कसला नाही. रॉकेल भरायचं, पंपानं हवा मारायची आणि रेशमी जाळीचं मेंटल पांढरं फटक पेटलं की नवरदेवाच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रणसुद्धा मोजता यायचे. हे काही घराण्यांना आवडायचं नाही, पण तो भाग वेगळा.

या धंद्यात एक रीत होती. बत्ती लावणाऱ्यानं 'लागली' असं म्हणायचं नाही. ते म्हणायचं जिच्या डोक्यावर बत्ती जाणार तिनं. बाई पुढं यायची, मेंटल निरखायची, काजळी धरतंय का, फुरफुरतंय का बघायची आणि मगच म्हणायची, "लागली." एकदा तिनं म्हटलं की बत्तीची जबाबदारी तिची. नंतर पदराची चुंबळ डोक्यावर ठेवत ती विचारायची, "कुठवर?" गौसभाई सांगायचा, बिनखांबीपर्यंत, नाहीतर रंकाळ्यापर्यंत. मग बत्ती उचलली जायची.

रीत कशासाठी, असं गौसभाईच्या पोरानं, मुनव्वरनं, लहानपणी विचारलं होतं. गौसभाई काच पुसत म्हणाला, "लावणाऱ्याला आपली बत्ती कायमच लागलेली दिसती बेटा. म्हणून दुसऱ्यानं बघायचं."

नव्वद साल उजाडलं तशी हातगाड्यांवर जनरेटर आले, ट्यूबलाइटच्या झुंबरांना चाकं लागली, आणि गौसभाईच्या बत्त्या तुळईवरून खाली यायच्या बंद झाल्या. डोक्यावर बत्ती घेणाऱ्या बाया पांगल्या. त्यातली धोंडुबाई सगळ्यांत जुनी, राधानगरीकडची, मान अशी सरळ की बत्ती डोक्यावर असताना ती भांडूसुद्धा शकायची. तिला गावाबाहेरच्या एका कॉलेजात झाडलोटीचं काम मिळालं. पुढं काही वर्षांनी त्याच कॉलेजात मुनव्वर भौतिकशास्त्र शिकवायला लागला, तेव्हा पहिल्या दिवशी त्याला बोळात गाठून ती म्हणाली, "बापाची बत्ती मी वाहिली, आता तुझा कचरा काढतो. बढती म्हणायची का काय रं ही?"

मुनव्वरनं गॅसबत्तीच्या उजेडात अभ्यास केला, असं एका सत्कारात कुणीतरी ठोकून दिलं होतं. खोटं होतं ते. रॉकेल धंद्याचं. अभ्यासाला चाळीसचा बल्ब होता, आणि तोही बंद करायला गौसभाई दर दहा मिनिटांनी येऊन विचारायचा, "झालं का?"

पीएच.डी.साठी मुनव्वरनं उजेडाचाच विषय घेतला. इथपर्यंत पेठेला कौतुक होतं. पण तो घेऊन घेऊन कुठला उजेड घेतला, तर डोळ्यांना न दिसणारा. अवरक्त. लाल रंगाच्या पलीकडचा, जो आहे हे मान्य करावं लागतं पण बघता येत नाही. त्याचे मार्गदर्शक इंगवलेसर वर्षभरात निवृत्त होऊन लेकीकडं पुण्याला गेले, आणि जाताना "चालू दे तुझं" एवढं म्हणाले. संशोधनातलं मार्गदर्शन म्हणून ते कमी नव्हतं. त्याआधी याहून जास्त ते कधी बोललेही नव्हते.

बेंगळुरूच्या एका परिषदेत मुनव्वरला ती वस्तू मिळाली. चहाच्या टेबलाशी तो एकटाच उभा होता. पलीकडं एक परदेशी संशोधक, तोही एकटाच. ओळख व्हायला एवढंच निमित्त झालं. त्या माणसानं आपल्या प्रयोगशाळेतला उरलेला एक काचतंतू प्लॅस्टिकच्या डबीत गुंडाळून त्याला दिला. केसासारखा बारीक, पण आतून पोकळ. साध्या तंतूत उजेड काचेतून जातो. याच्या पोकळीभोवती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी होती, तिच्यामुळे उजेड मधल्या रिकाम्या जागेतच कोंडला जायचा. त्या पोकळीत हायड्रोजन भरायचा आणि एका टोकातून लेसर सोडायचा. वाटेत गॅसचे कण त्या उजेडातली थोडी ताकद स्वतःकडं ठेवून घेतात, आणि पलीकडच्या टोकातून वेगळाच उजेड बाहेर पडतो. आत जाणारा मुळात न दिसणारा, बाहेर येणारा त्याच्याही पलीकडचा. मुनव्वरनं ती डबी बेंगळुरूपासून कोल्हापूरपर्यंत मांडीवर धरून आणली. शेजारच्यानं विचारलं, "मिठाई का?" तो "व्हय" म्हणाला. दुसरं काय सांगणार?

कॉलेजच्या बोळाच्या टोकाची खोली त्याला मिळाली. खिडक्यांना त्यानं काळा कागद लावला. पेठेत बातमी पोचायला वेळ लागला नाही. तालमीच्या कट्ट्यावरचा केरबा, जो शाळेत त्याच्याच बाकावर बसायचा आणि आता फुटबॉलच्या मॅचेसना शिट्टी मारायचा, तो म्हणाला, "बापानं गल्लोगल्ली उजेड पाडला, आन् पोरगं खोलीला काळं लावून बसलंय." लोक हसले. मुनव्वरही हसला. मग हळूहळू कट्ट्यावर जायचा कमी झाला. कुणी ये म्हणायचं थांबलं नव्हतं, पण गेल्यावर बोलायचं काय, हा प्रश्न दोन्ही बाजूंना पडायचा.

लग्नाचं एक जमत आलं होतं. मुलीचे मामू बघायला आले. "काम काय करता?" मुनव्वरनं सोपं करून सांगितलं की गॅसमधून उजेड तयार करतो. मामू खूश झाले. "मग एकदा दाखवा की." "दिसत नाही तो," मुनव्वर म्हणाला. मामूंनी चहा संपवला, बशी नीट खाली ठेवली, आणि पुन्हा त्या घरातून निरोप आला नाही.

मग राहिली ती खोली. तंतूच्या दोन्ही टोकांना गॅसच्या पितळी डब्या लागायच्या, त्या त्यानं उद्यमनगरात लेथवर करून घेतल्या. त्यांना वॉशर पाहिजेत, हे कळल्यावर गौसभाईनं तुळईवरचा डबा काढला आणि गॅसबत्तीचे कातडी वॉशर पुढं केले. "आयुष्यभर हवा धरलीय ह्यांनी." मुनव्वरला माहीत होतं की हे चालणार नाहीत. तरी बसवले. हायड्रोजन त्यातून असा निघून जायचा, जशी मॅच सुरू झाल्यावर गेटातून फुकटी पोरं. आठवडाभर तो गळकी डबी घेऊन बसला, संध्याकाळी घरी जाऊन सांगत राहिला, "बरे हायत." मग एक दिवस गुपचूप रबरी लावले. कातडी वॉशर मात्र टेबलाच्या खणात ठेवले.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात, सुट्टीत, कॉलेज ओस पडलेलं असताना, मोजणीच्या यंत्राच्या पडद्यावर एक हिरवी रेघ सपाट होती ती टोक काढून उभी राहिली. गॅस काढला की आडवी व्हायची, भरला की उभी. मुनव्वर खुर्चीत बसून राहिला. बाजूला कुणी नव्हतं. बोळात जाऊन आला, तिथंही कुणी नव्हतं. तोंडापर्यंत शब्द आला होता, पण तो त्यानं म्हणायचा नव्हता. हसू येईल अशी गोष्ट आहे, पण एम.एस्सी.ला पहिल्या वर्गात आलेला माणूस बत्तीवाल्यांच्या रिवाजापुढं अडून बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं बापाला आणलं. गौसभाई धुतलेला पायजमा, नवी टोपी घालून केएमटीच्या बसनं आला. मुनव्वरनं त्याला स्टुलावर बसवलं, डोळ्यांना लेसरचा जाड हिरवा चष्मा लावला. म्हाताऱ्यानं स्वतःला कपाटाच्या काचेत बघितलं. "जत्रंत फोटो काढायला बसलोय जणू." मग मुनव्वरनं दार लावलं, लेसर सुरू केला.

"बघा."

"काय बघू?"

"लागलीय अब्बा."

"तू गप. लावणाऱ्यानं म्हणायचं न्हाय." गौसभाई पुढं वाकला. टेबलावर भिंगं, पितळी डब्या, मधे केसासारखा तंतू. उजेडाचं नाव नाही. "कां है रे उजाला?"

घरात त्यांची भाषा अशीच अर्धी मराठी, अर्धी दखनी चालायची. "दिसत न्हाय तो. हिकडं बघा, ही रेघ उभी ऱ्हायलीय न्हवं? म्हंजे तो निघतोय."

"ही रेघ म्हंजे उजेड?"

"न्हाय, हे मोजायचं यंत्र."

"म्हंजे तुला यंत्र सांगतंय, लागली म्हणून."

"व्हय."

"आन् यंत्र कुणी लावलं?"

"मीच."

"मग तूच म्हणालास की." गौसभाईनं चष्मा काढायला हात नेला, मुनव्वरनं थांबवला, आधी लेसर बंद केला. म्हाताऱ्यानं चष्मा काढून सवयीनं काचा पुसल्या. त्याच्याकडं बघून कळत होतं की म्हणायची त्याला इच्छा आहे. ओठ हललेसुद्धा. पण आयुष्यभर ज्यानं नीट न बघता कुठल्या बाईला बत्तीला होकार देऊ दिला नाही, त्याला लेकासाठी ते जमेना.

परत जाताना बसमधे दोघं शेजारी बसले. मिरजकर तिकटी आली तेव्हा गौसभाई म्हणाला, "राग आला?"

"न्हाय."

"खोटं म्हटलं असतं तर तुला कळलं असतं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "मग आयुष्यभर कळतच ऱ्हायलं असतं."

पुढच्या थंडीत गौसभाई गेला. दफनाच्या दिवशी धोंडुबाई गल्लीच्या तोंडाशी उभी होती, हातात काही नाही, मान तशीच सरळ. जनाजा पुढं गेल्यावर मागं मागं थोडं अंतर ठेवून चालत आली आणि वळणावर थांबली.

त्यानंतरची दोन वर्षं मुनव्वरची कशी गेली हे सांगण्यासारखं फार नाही, कारण त्यात फार काही घडलं नाही. सकाळी तास, दुपारी खोली, संध्याकाळी घर. घरात तुळईवर बत्त्या, खाली तो. एकदा त्यानं एक बत्ती उतरवून काच पुसली आणि परत टांगली. प्रबंध लिहायला बसला की पहिल्या प्रकरणापाशी अडायचा. आकडे होते, आलेख होते, इंगवलेसर फोनवर "लिहून टाक की आता" म्हणत होते. पण 'तंतूच्या टोकाशी अवरक्त प्रकाश मिळाला' हे वाक्य लिहिलं की त्याला स्टुलावरचा म्हातारा दिसायचा. कोण म्हणतं मिळाला? तू. परीक्षकांना या वाक्याचं काही वाटलं नसतं. पण मुनव्वरला त्या एका शब्दासाठी दुसऱ्याचं तोंड पाहिजे होतं, आणि खोलीत दुसरं तोंड नव्हतं.

त्याची बहीण सना गडहिंग्लजला दिलेली. ईदला तो तिच्याकडं निघाला. तेव्हा एसटीत तिकिटांची नवी मशिनं आली होती. कंडक्टरनं बटणं दाबली, मशिनीतून गुळगुळीत कागदाची चिठ्ठी सरसर बाहेर आली. कागलला गाडी थांबली, मुनव्वर उतरून टपरीवर चहाला गेला. तिकीट हातात होतं ते फळीवर ठेवलं, त्यावर चहाचा ग्लास. ग्लास उचलला तर तिकिटावर काळं गोल कडं उमटलेलं. त्यानं ग्लास दुसऱ्या जागी टेकवला. तिथंही कडं. शाई नाही, डाग नाही. नुसत्या उष्णतेनं कागद काळा पडत होता.

"ओ चष्मेवाले," कंडक्टर दारातून ओरडला, "गाडी निघाली की. तिकिटाशी काय खेळताय, हरवलंसा तर दुसरं फाडीन."

सनानं त्या दिवशी खीर वाढली, लग्नाचं काढलं, नेहमीचं बोलून घेतलं. "भाईजान, तुमचं लक्ष कुठं हाय?" लक्ष खिशातल्या तिकिटात होतं. ईदचा दिवस असूनही तो संध्याकाळच्या गाडीनं परत फिरला. सना दारात उभी राहून म्हणाली, "असल्या घाईनं तर लोक फक्त दवाखान्यात जातात."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खोलीत आला. तंतूच्या टोकापुढं भिंग, त्यापुढं सिलिकॉनची काळी चकती. मूळ लेसर त्या चकतीतून पलीकडं जात नाही, नवा जन्मलेला उजेडच जातो. चकतीपुढं अजून एक भिंग आणि त्याच्यापुढं गडहिंग्लजचं परतीचं तिकीट, कपड्याच्या चिमट्यानं धरलेलं. आधी तंतू रिकामा ठेवून लेसर सोडला. तिकीट पांढरं. मग हायड्रोजन भरला, दाब येईपर्यंत थांबला, पुन्हा लेसर सोडला.

तिकिटावर, 'प्रौढ' या शब्दाच्या बाजूला, एक काळा ठिपका उमटला. बघता बघता गडद झाला आणि मधोमध सुईनं टोचल्यासारखं भोक पडलं. धुराची एक बारीक रेघ वर गेली. खोलीत बाकी काही झालं नाही. उजेड नाही, आवाज नाही.

मुनव्वर उभा राहिला. तो शब्द पुन्हा तोंडाशी आला, पुन्हा त्यानं गिळला. हा ठिपका बापाला दाखवता आला असता. दोन वर्षांपूर्वी एक साधं तिकीट सुचलं असतं तर. पण दोन वर्षांपूर्वी कंडक्टर साध्या कागदाची रंगीत तिकिटं चिमट्यानं टोचून देत होते.

दार वाजलं. "काय जाळाय लागलाईस रं? बोळात वास सुटलाय."

धोंडुबाई होती, झाडू काखेत. मुनव्वरनं लेसर अडवला आणि तिला आत घेतलं. तिकीट तिच्या हातात दिलं. तिनं ते लांब धरून बघितलं, मग खिडकीच्या काळ्या कागदाचा कोपरा उचलून दिवसाच्या उजेडात बघितलं.

"ह्ये भोक ह्या सगळ्या मशिनीनं पाडलंस?"

"व्हय."

"कंडक्टर चिमट्यानं पाडायचा की. चालत्या गाडीत."

मुनव्वरला हसू आलं. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत कुणीतरी हसलं. मग त्यानं तिला सांगितलं. तंतू, गॅस, न दिसणारा उजेड, अब्बा स्टुलावर बसले होते ते, आणि काय म्हणाले नव्हते ते. धोंडुबाई झाडूवर हात ठेवून ऐकत होती.

"गौसभाईनं म्हटलं न्हाई?"

"न्हाई."

"मग मी कसं म्हणू? त्यो मालक हुता."

"मालक लावायचा मावशी. म्हणायचीस तू."

हे तिला पटलं असावं, कारण तिनं झाडू भिंतीला टेकवला. टेबलाभोवती एक फेरी मारली, जशी पूर्वी बत्तीभोवती मारायची. "वाऱ्यानं इझती?"

"न्हाई."

"काजळी?"

"न्हाई धरत."

"आत काय, रॉकेल?"

"गॅस."

"मग गॅसबत्तीच की रं ही," ती म्हणाली. "त्या आमच्या तर नावाच्याच हुत्या."

तिनं कनवटीची गाठ सोडून स्वतःचं तिकीट काढलं. सकाळचं, राधानगरीच्या गाडीचं. "ह्याच्यावर लाव. तुझ्या तिकिटाचं काय सांगावं, चुलीत धरलं असशील." मुनव्वरनं तिला हिरवा चष्मा दिला, तो तिनं पदरावरूनच चढवला. तिकीट चिमट्यात लावू लागला तर म्हणाली, "तिथं न्हाई. ह्या कोपऱ्यात. मी सांगतो तिथं." तिनं जागा बोटानं दाखवली. त्यानं तिकीट सरकवलं.

"आधी इझलेली दाव."

त्यानं लेसर अडवलेलाच ठेवला. दोघंही कोऱ्या कोपऱ्याकडं बघत राहिले. कोपरा कोरा राहिला.

"आता लाव."

ठिपका आला. तिनं दाखवलेल्या जागी, मुगाच्या दाण्याएवढा, मग मधे भोक. मुनव्वरनं लेसर अडवला, चिमटा काढला. धोंडुबाईनं चष्मा कपाळावर ढकलला आणि तिकीट हातात घेऊन बराच वेळ बघितलं. बोटानं ठिपका पुसून पाहिला. पुसला जाईना. मग तिनं मान वर केली, आणि तिचा आवाज पूर्वीसारखाच निघाला, मोठा नाही, पण रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा.

"लागली."

मुनव्वरनं चिमटा खाली ठेवला. धोंडुबाईचे हात मात्र सवयीनं पुढं चालले होते. तिनं पदराचं टोक पिळून चुंबळीसारखं गोल केलं आणि विचारलं,

"कुठवर?"

त्यानं समोर बघितलं. समोर हातभर अंतरावर काळा कागद लावलेली खिडकी होती. पलीकडं मोकळं मैदान, तास चालू असल्यामुळं तिथंही कुणी नव्हतं. धोंडुबाई थांबली होती. उत्तर आल्याशिवाय ती कधी हलत नसे.

"ठरलं की सांगतो," तो शेवटी म्हणाला.

"सांग. मी हाय खालच्या मजल्यावर." तिनं तिकीट कनवटीला लावलं, पदर सोडला, झाडू घेतला. दारात वळून म्हणाली, "हे तिकीट मागू नगंस मात्र. बत्ती आता माझ्यावर हाय."

ती गेल्यावर त्यानं लेसरपुढचा अडसर काढला. समोर तिकीट नव्हतं, कागद नव्हता, उजेड कुठं पडतोय ते काही कळत नव्हतं. त्यानं वही ओढली, 'तंतूच्या टोकाशी अवरक्त प्रकाश मिळाला' हे वाक्य लिहिलं आणि या वेळी खोडलं नाही. झाडूचा आवाज जिना उतरून लांब गेला, मग ऐकू येईनासा झाला. लेसर त्यानं तसाच चालू ठेवला. लागलेली बत्ती लगेच विझवायची नसते, धंद्यातलं एवढं तरी त्याला येत होतं.